तेरणेखालचं टिंब

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. तेरच्या शाळेतल्या इतिहासाच्या सरांनी वडिलांना शेतात गाठून सांगितलं होतं, "ह्याला शिकू द्या." म्हणून आज मी धाराशिवला वेबसाइट बनवायचं काम करतो.

गेल्या वर्षी सरांनी बोलावून घेतलं. नदीकाठच्या रानात सापडलेल्या जुन्या खापरांच्या नोंदी त्यांनी आयुष्यभर केल्या होत्या. मराठीत, आणि बाहेरच्या अभ्यासकांसाठी रोमन लिपीत. त्या त्यांना इंटरनेटवर हव्या होत्या. नजर फार दिवस टिकणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

"दिसतंय तवर माझ्या फोनवर बघायचंय," सर म्हणाले.

त्यांच्या घरी रेंज जेमतेम. पान लवकर उघडायचं तर फॉन्टमधली न लागणारी अक्षरं गटागटानं काढून टाकावी लागतात. मी साधी इंग्रजी अक्षरं ठेवली. सर दीर्घ 'आ'साठी इंग्रजी 'ए'वर आडवी रेघ देतात, म्हणून रेघेच्या अक्षरांचा गटही घेतला आणि तेरला गेलो.

सरांनी फोन डोळ्यांजवळ धरला. बोटानं एकेक ओळ सरकवत गेले.

"आरं, आपल्या तेरणेला हे ठिगळ कुणी लावलं?"

नदीच्या नावातल्या 'ण'साठी सरांनी इंग्रजी 'एन'खाली टिंब दिलं होतं. टिंबाची अक्षरं तिसऱ्याच गटात असतात, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. फोननं तेवढं अक्षर दुसऱ्या फॉन्टातून आणून बसवलं होतं, जाड आणि बुटकं.

"सर, तो गट लई मोठाय. घेतला तर पान इथं उघडायचं न्हाय."

"मग नदी तशीच ठेवतोस?"

आतून सरांच्या पत्नी, काकू म्हणाल्या, "घरात खापरं कमी होती व्हय, आता फोनातबी भरा!"

सर हसले नाहीत. मीही नाही.

परत येऊन मी त्यांच्या सगळ्या नोंदी चाळल्या. त्या मोठ्या गटातली मूठभरच अक्षरं त्यांनी वापरली होती. तेवढीच वेचून वेगळी छोटी फाइल केली. ती फक्त रोमन नोंदींचं पान उघडलं की फोनात उतरते.

पुन्हा गेलो तेव्हा सरांना माझा चेहरा नीट ओळखू येत नव्हता. पान मात्र उघडलं. दोन बोटांनी त्यांनी ते टिंबाचं अक्षर स्क्रीनभर मोठं केलं.

"आता बराबर हाय," म्हणाले. मग फोन काकूंकडं दिला. "तू बी बघ."

काकूंनी पदरानं काच पुसली, आणि बघितलं.