सभासदाची घोडी

राष्ट्रीय संघटनेचं सभासदत्व माणसाची मान उंचावतं. वाशीच्या मार्केटमागे लग्नाची घोडी पाळणाऱ्या त्या सातारकराची मान मात्र छातीवरचा बिल्ला न्याहाळण्यात सदैव खाली असे. अश्वारोहण संघटनेची वर्गणी त्याने दोन लग्नसराया साठवून भरली होती. "घोडीला कमीजास्त झालं तर डाक्टर धाडतील की, सायेब," म्हणायचा. संघटनेचा इंग्रजी अंक मी त्याला वाचून दाखवत असे. त्यात मेजवान्यांचे फोटो असत. तो घोडे शोधत बसे.

एका दुपारी घोडीचं पोट फुगलं. त्याने मला बूथवरून संघटनेच्या मुंबईच्या कचेरीत फोन लावायला सांगितलं. "आमची मदत स्पर्धेच्या घोड्यांना असते," तिथली बाई म्हणाली. वर्गणी घेताना हे कुणी बोललं नव्हतं. मी भांडायला लागलो, तेव्हा त्याने फोन काढून घेतला. "म्याडम, पोट दुखायला स्पर्धा कशाला लागती?" एवढंच विचारून ठेवून दिला.

मग बिल्ला खिशात टाकून तो घोडीला मैदानात चालवत राहिला. मी संतापून संघटनेला लिहायचं पत्र मनात जुळवत मागे चालत होतो. दिवेलागणीला घोडीने लीद टाकली आणि तिचं पोट उतरलं. त्याने ती नव्या अंकावर उचलली. कागद चांगला जाड होता.