ओंजळभर समुद्र

पहाटेचा तलाव, खांद्यावर ओलं जाळं, आणि पाण्याच्या कडेला वाकलेले बाबा... त्यांच्या दोन्ही तळव्यांची ओंजळ भरायची, कोपरांवरून थेंब निथळत राहायचे, आणि ते पाणी ते डोळे मिटून पिऊन टाकायचे. मगच पहिलं पाऊल पाण्यात. आमचं ढिवरांचं, मासेमारांचं घर. आजोबाही असंच करायचे. जे पाणी पिववतं तेच आपल्याला आत घेतं, न पिववणाऱ्या पाण्यात पाय घालायचा नाही, अशी आमच्या घरची रीत. शिंगाड्याच्या वेलांचा हिरवट गंध, जाळ्याचा शेवाळी वास आणि बाबांच्या गळ्यातून उतरणाऱ्या त्या घोटाचा आवाज – बालपण म्हटलं की मला आधी एवढंच आठवतं.

हे आज आठवायचं कारण माझी मुलगी, ओवी. ती मैत्रिणींबरोबर विशाखापट्टणमला निघाली आहे आणि गेले आठ दिवस मोबाइलवरच्या सूचना मला वाचून दाखवते आहे. कोणतं मलम किती वेळा चोपडायचं, टोपीचा काठ केवढा हवा, शहाळं कुठलं चांगलं... ऐकून माझं डोकं उठतं. असल्याच एका सूचनांच्या यादीनं माझा पहिला समुद्र नासवायला सुरुवात केली होती, आणि ती यादी माझ्याच हस्ताक्षरात होती!

मी तेव्हा दहा वर्षांची होते. त्या वर्षी तलावानं भरभरून मासोळी दिली आणि बाबांनी मला शब्द दिला – “तुले समुद्रात पोहाले नेतो.” तलाव मी आडवातिडवा पालथा घातला होता, समुद्र मात्र भूगोलाच्या पुस्तकातल्या निळ्या रंगाएवढाच ठाऊक होता. बाबांच्या त्या एका वाक्यावर मी हिवाळा काढला, होळी काढली, परीक्षा काढली.

आणि मग अहेरीहून मामा आले. मामा लाकडाच्या डेपोत चौकीदार. कधीकाळी कुणाच्या तरी वरातीबरोबर जाऊन एक दुपार समुद्र पाहून आलेले, आणि त्या एका दुपारच्या भांडवलावर जन्मभर समुद्राचे जाणकार. खाटेवर आडवे होऊन ते सांगत गेले, मी वहीत उतरवत गेले.

“लिही पोरी, समुद्राचा वारा लय थंडा रायते. चादरीनं भागत नाई, कांबळं घ्या. तिथचा तांदूळ आपल्याले चालत नाई, घरून न्या. खिशात कांदा ठेवा. आन् सामान एकटं सोडू नका, एक जण बसूनच राहा.”

कांदा ठीक होता. आमच्याकडे मे महिन्यात ऊन बाधू नये म्हणून खिशात कांदा आणि डोक्याला दुपट्टा घेतल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडत नाही. पण कांबळी! मे महिन्यात तीन कांबळी, पायलीभर तांदूळ, लाखोळीची डाळ आणि पातेली घेऊन बाबा, आई आणि मी बल्लारशाहहून गाडीत चढलो, तेव्हा डब्यातल्या एकानं घर सोडून चालला का, असं विचारलं होतं.

समुद्राकाठच्या गावी उतरल्यावर कळलं, आमचं ऊन वेगळं आणि तिथलं वेगळं. आमच्याकडे दोरीवर टाकलेला ओला पंचा दात घासून होईस्तोवर वाळतो. तिथे काहीच वाळत नव्हतं. अंगावरचा घाम अंगावरच राही. कांबळ्यांना ओलसर कुबट वास सुटला, खिशातले कांदे मऊ पडले. तीन दिवसांतले दोन दिवस धर्मशाळेच्या खोलीत गेले – आई चुलीसाठी जळण शोधतेय, बाबा सामान राखताहेत आणि मी खिडकीशी बसून, दोन गल्ल्यांपलीकडून येणारी गाज ऐकत, मनातल्या मनात मामांना शिव्या देतेय. समुद्र कानावर पडत होता आणि आम्ही कांबळी राखत होतो! आजही त्या दोन दिवसांचा विचार आला की चिडचिड होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी सगळं गाठोडं उचलून आम्ही वाळूवर गेलो. मी फ्रॉक खोचून तयार. बाबांनी चपला काढल्या, धोतर वर घेतलं, फेसाळत्या कडेशी वाकले आणि – ओंजळ भरली.

समुद्र खारट असतो, हे त्यांना ऐकून ठाऊक होतं. पण खारट म्हणजे भाजीत मीठ जरा जास्त पडावं इतपत, अशी त्यांची समजूत असावी. पहिला घोट त्यांनी थुंकून टाकला. दुसरा गिळला आणि डोळे लाल होईपर्यंत खोकले. तिसऱ्या वेळी, डोळे घट्ट मिटून, सगळी ओंजळ प्यायले... आणि वाळूवर बसून ओकले. शेजारी सहलीला आलेली माणसं होती. ती हसायला लागली, पोट धरधरून.

बाबांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं. “हे पाणी आपल्याले नाई म्हणून राह्यलं, पोरी. आत नाई जायचं.”

“सारे तर जाऊन राह्यले!”

“त्यायचं पाणी असन थे.”

“तुमी भेता!” मी त्या हसणाऱ्या माणसांसमोर किंचाळले. “तुमी पाण्याले भेता!”

तलावात कुणी बुडालं की गाव ज्यांच्या दारी धावत यायचं, त्यांना मी हे म्हटलं. ते जाऊन कांबळ्यांपाशी बसले. माझे पाय घोट्याएवढेसुद्धा भिजले नाहीत. बल्लारशाह येईपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही, आणि खरं सांगायचं तर मनातला अबोला पुढे कितीतरी वर्षं टिकला.

गेल्या आठवड्यात ओवीला घेऊन गावी गेले. बाबा आता पंचाहत्तरीचे. ओवीनं हौसेनं विचारलं, “आजोबा, समुद्रावर चाललेय, काही सांगा ना.”

“आधी ओंजळभर पाणी पिऊन पाह्य,” बाबा म्हणाले. “नाई पिववलं, तं पाय नको घालू.”

माझा तोल गेला. “बाबा, समुद्राचं पाणी कुणीच पीत नाही! त्या रितीपायी माझा समुद्र गेला!”

“हो, गेला,” ते शांतपणे म्हणाले, काठी घेऊन उठले आणि तलावाकडे चालू लागले.

मग मीच धुसफुसत ओवीला सांगितलं – सकाळी लवकर जा. सुती कपड्यांचे दोन जोड जास्त घे, तिथे काही वाळत नाही. अंगावर मीठ वाळू देऊ नको, लगेच गोड्या पाण्यानं धू. तिथले कोळी जिथे जाऊ नको म्हणतील तिथे पाय घालू नको. आणि ओझं कमी ने. बोलता बोलता माझी नजर ओसरीतल्या खुंटीकडे गेली. जाळं कोरडं ठणठणीत होतं, कोळ्यानं त्यावर आपलं जाळं विणलेलं. दोन वर्षांपासून बाबा पाण्यात उतरत नाहीत, हे मला माहीत होतं. वय झालं, एवढंच मी धरून चालले होते.

मी बाबांमागे पाळीवर, तलावाच्या बांधावर गेले. तलाव जलपर्णीनं झाकलेला, गावची गटारं त्यातच सोडलेली, कडेला साबणाचा करडा फेस. बाबा वाकले. जलपर्णी बाजूला सारून त्यांनी ओंजळ भरली, नाकाशी नेली, आणि बोटं उघडून पाणी सोडून दिलं.

“रोज येता?”

“येतो. आज पिववन म्हणून येतो.”

मी चपला काढल्या आणि ओंजळ भरली. तोंडाशी नेली... आणि तो वास आला. खूप प्रयत्न केला. नाही पिववलं. मीही पाणी सोडून दिलं आणि त्यांच्याशेजारी बसले. बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा माझ्या हातात दिला.

हात पुसता पुसता, पस्तीस वर्षांनी मी म्हटलं, “बाबा, तुमी त्या दिवशी भेले नव्हते.”

“भेलो होतो ना पोरी,” ते तलावाकडे पाहत म्हणाले. “तू होती ना संगं.”