न्हाणीघराची कडी

रफिक गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानाचं शटर वर करत होतो. फोनवर त्याचा धाकटा भाऊ होता आणि मी त्याच्याशी चक्क भांडत होतो... असं कसं होईल, काल संध्याकाळी त्याच्या मुलीच्या मंगनीच्या जेवणात आठचा गजर वाजला, माझ्यासमोर त्यानं गोळी घेतली, पाणी मीच दिलं. आता चाळिसावाही होऊन गेला, तरी माझं ते भांडण संपलेलं नाही.

सोनईत माझा फोटो स्टुडिओ आणि त्याचं फर्निचरचं दुकान भिंतीला भिंत लावून. सकाळ-संध्याकाळ आठला त्याच्या मोबाईलचा गजर वाजे आणि हा माझ्या माठातलं पाणी घेऊन गोळी गिळे. एखाद्या गिऱ्हाइकानं विचारलं तर सरळ सांगून टाके, "मला फिट येतात. गोळी हाय म्हनून येत न्हाईत." तरुणपणी एकदा, बरेच दिवस फिट आली नाही म्हणून त्यानं आपल्या मनानंच गोळ्या बंद केल्या होत्या आणि चालू करवतीशेजारी कोसळला होता. हात थोडक्यात वाचला. तेव्हापासून त्यानं मशीनला हात लावला नाही, मोटरसायकल विकून टाकली, नगरच्या डॉक्टरांकडे माझ्या मागे बसून जायचा. रंधा आणि पटाशी, एवढ्यावर संसार केला. मलाही शिकवून ठेवलं होतं, "पडलो तर कुशीवर वळव. तोंडात काय घालू नको. आन् कुनी चप्पल हुंगवली, तर उठल्यावर तीच त्याला हानीन." इतका नेमाचा माणूस मी पाहिलेला नाही, आणि त्या नेमावरून मी त्याची फार थट्टा करायचो.

घरातही नेम होताच. गावाला दारं करून देणाऱ्या या माणसाच्या न्हाणीघराला आतून कडी नव्हती. ती त्यानंच काढून टाकली होती. आत असेपर्यंत मोठ्यानं गुणगुणत राहायचं, असं ठरलेलं. सूर भयंकर. जरा खंड पडला की त्याची बायको, बानूभाभी, चुलीपासून ओरडायची, "आवाज द्या की." मग पुन्हा सुरू.

मंगनीच्या आदल्या दिवशी मी गेलो, तर हा स्वतःच त्या दाराला कडी बसवत होता. हे काय नवीन, म्हटलं.

"मुलाकडच्या बाया मुक्कामाला येनार. न्हानीला कडी न्हाई, बरं दिसतं का? दोनच स्क्रू मारतो. पावने गेले की काढून टाकू."

वास्तविक पाहुण्यांना त्याच्या आजाराचं सगळं ठाऊक होतं. सोयरीक ठरायच्या आधी त्यानंच सांगितलं होतं. त्यांनी कडी मागितलीही नव्हती.

मंगनीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो अंघोळीला गेला. रात्री जागरण झालेलं. जागरण टाळा, असं डॉक्टर त्याला दर खेपेला बजावत. घरात परक्या बाया वावरत होत्या म्हणून त्यानं कडी लावून घेतली. बाहेर चहा, हसणं, मिक्सर... त्या गलक्यात गुणगुणणं कधी थांबलं ते भाभीला कळलंच नाही. कळलं तेव्हा भावानं दार ढकललं आणि कडी एका धक्क्यात निघून आली. दोनच स्क्रू होते. रफिक पाण्याच्या टबात तोंड घालून पालथा पडला होता. सकाळची गोळी त्यानं घेतलेली होती; डबीतला त्या दिवसाचा सकाळचा कप्पा रिकामा होता. सगळं तर नीट केलं होतं या माणसानं. मला अजून कळत नाही, मी रागवायचं कुणावर.

चाळिसाव्याला जेवायला बसण्याआधी हातपाय धुवायला मी त्याच न्हाणीघरात गेलो. दाराला कडी नव्हती, स्क्रूची दोन भोकं तेवढी उरली होती. दार लोटून घेतलं, तोंडावर पाणी मारलं आणि तसाच उभा राहिलो. किती वेळ ते ठाऊक नाही. बाहेर भांड्यांचा आवाज एकदम थांबला.

"भावजी," दाराला लागून भाभी म्हणाली, "आवाज द्या की."

मला गाता येत नाही. मी रफिकच्या त्याच भयंकर सुरात गुणगुणायला लागलो, आणि भाभी दारापासून हलेपर्यंत थांबलो नाही.