सुकाणूचा चौथा बोल्ट

थांबा मिस्त्रींना गंजाची किळस नव्हती. चाळीस वर्षं होड्या दुरुस्त करणाऱ्याला ती परवडतही नाही. किळस होती ती गंजलेल्या बोल्टाला झटका देणाऱ्या माणसांची. अशा वेळी ते "थांबा" म्हणत, म्हणून हे नाव. बोल्ट सोडवायचा तर आधी तो केसभर आवळायचा, मग उलटा फिरवायचा, ही त्यांची रीत.

त्या दिवशी होडी धाकट्या मेहुण्याची होती. हा गडी होडीतच राहायचा; होडी दुरुस्तीला आली तसा तो बहिणीच्या घरी येऊन पडला. चहाच्या बशीत पायाची नखं कापायचा, ओला टॉवेल मिस्त्रींच्या उशीवर टाकायचा. आज चारची भरती चुकली, तर पुढची मोठी भरती पंधरा दिवसांनी. तोवर होडी जमिनीवर, नखं बशीत.

सुकाणूची तडकलेली बैठक काढायची होती. तीन बोल्ट निघाले, चौथा ढिम्म. सकाळपासून मिस्त्री त्याला तेल पाजत होते. चिंधी आणायला वळले तेवढ्यात मेहुण्याने पान्याला हातभर पाइप जोडून जोर लावला.

कट्.

"निघाला, भाऊजी."

"डोकं निघालं त्याचं. बोल्ट आतच आहे."

मिस्त्रींनी बाहेर उरलेलं थोटूक पुसलं. गंज नव्हताच. आट्यांत पिवळट काहीतरी गोठलं होतं, कानातल्या मळासारखं.

"हे काय?"

"गोंद. दोन नळ्यांतला, मिसळून लावायचा. पाणी शिरू नये म्हणून गेल्या वर्षी मीच लावला. या एकालाच पुरला."

"आणि सकाळपासून मी तेल ओततोय, ते दिसत नव्हतं?"

"दिसत होतं की. म्हटलं, तुमची काहीतरी पद्धत असेल."

गोंद तेलाला दाद देत नाही, उष्णतेला देतो. मिस्त्रींनी डाग द्यायची कावी, म्हणजे सोल्डरिंगची सळई, तापवून थोटकाला टेकवून धरली. जळक्या केसांसारखी घाण सुटली. नाक मुरडत त्यांनी थोटूक पकडीत धरलं, केसभर आवळलं, मग उलटं फिरवलं. शेंबडासारखी तार ओढत ते बाहेर आलं.

नवी बैठक बसली, बोल्टांना ग्रीस लागलं. चारला होडी तरंगली.

"भाऊजी, टॉवेल राहिला तुमच्या उशीवर. येऊ का न्यायला?"

"थांबू नकोस," मिस्त्री म्हणाले. "भरती उतरेल."