लाव्ह्याकाठी ऐकलेली सरदारची घंटा

साल दोन हजार बावीस. माझं वय तेव्हा एकाहत्तर. मी वडनेर भोलजीचा, चौथी शिकलेला, वांगी-मिरच्या पिकवणारा माणूस. भूत, चकवा, अंगात येणं... असलं सांगणाऱ्यांच्या तोंडावर मी आयुष्यभर हसलो. आजही हसतो. तरी हे लिहून राह्यलो, कारण हे माझ्यासंग झालं. कोणाले खोटं वाटलं तर वाटो, मी एक शब्द मागं घेणार नाही.

माझा पोरगा विनायक आइसलँडले नोकरी करतो. मी त्याच्याकडे गेलो त्या ऑगस्टात तिथं जमीन फाटली अन लाव्हा वाहू लागला. लोकं डोंगर चढून पाहाले जात होते.

"बाबा, तुम्ही घरीच थांबा. चढ लय हाये," विन्या म्हणाला.

एवढं म्हणाचा अवकाश, मी बूट घालून दारात उभा! सुनेनं भाकर, ठेचा, कांदा बांधून दिला.

वर पोचून पाहतो तर दगड आमच्या विहिरीतून निघतो तसाच, काळा. फक्त भेगांतून लाल दिसे. मी काठी टेकवली, तर टोकच पेटलं. विन्यानं दंड धरून मागं ओढलं.

"बाबा, ही नुसती वरची पापडी हाये! खाली रस वाहून राह्यला. पाय गेला म्हणजे गेलाच."

"दिसते मले. आंधळा हाये का मी?"

पिवळं जाकीट घातलेला एक राखणदार लोकांले काहीबाही सांगत होता. विन्यानं मले समजावलं... वाटेवर रोवलेल्या खुणा सोडून जाचं नाही, खोलगटात बसाचं नाही, वारं पडलं की मागं फिराचं.

पण भूक लागली. वर वारं असं, की हातातली भाकर उडावी. आमच्याकडे वावरात जेवाचं म्हणजे धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या आडोशाले, वारं लागणार नाही अशा खोलगटात. माझा बाप तसाच बसे, मी तसाच बसतो. खुणांच्या थोडं खाली एक घळ होती. उबदार, निवांत.

"तिथं नाही बाबा! गॅस साचते तिथं. आत्ताच सांगतलं ना त्यानं."

"तुले वास येते का?"

"नाही, पण—"

"मग बस खाली. उभ्यानं जेवाले हे काय लग्न हाये का बे?"

बसला बिचारा. बापाले एकटं सोडून जाईल कसा!

जेवता जेवता वारं पडलं. माझं डोकं जड झालं, दम लागू लागला. पाहतो तर विन्या हातात भाकर धरून पेंगत होता.

"विन्या, ऊठ बे!"

"बसू द्या ना बाबा... बरं वाटून राह्यलं."

खरं सांगतो, मलेही उठवेना. पाय जसे कोण्या दुसऱ्याचे. लेकरू डोळ्यासमोर झोपून राह्यलं, अन मी नुसता पाहून राह्यलो...

तेवढ्यात घंटा वाजली.

सरदार म्हणून माझा बैल होता. जाऊन लय वर्षं झाली. त्याले मी वावरातच लिंबाखाली माती दिली, गळ्यातल्या घंटेसकट. त्या घंटेले चीर गेलेली. टण नाही वाजायची, खडक-खडक वाजायची. सरदार हट्टी असा, की अडला की अडला. एकदा अंधाऱ्या पावसात नाल्याजवळ अडला. मी शिव्या देत गाडीवरून खाली उतरलो, तर पुढचा रपटा, नाल्यावरचा ठेंगणा पूल, वाहून गेलेला! तेव्हापासून तो वळे तिकडे मी वळे. उभ्या जन्मात मी ऐकलं ते त्याचंच.

खडक-खडक... आवाज वरून येत होता, अन चढाच्या अंगानं पुढं पुढं जात होता. मी विन्याची कॉलर धरली अन आवाजामागं निघालो. कुठं गुडघ्यावर, कुठं रांगत. वर तोंडाले वारं लागलं, अन घंटा बंद!

राखणदार धावत आला. हातात गॅस मोजाचं मशीन होतं. घळीकडे दोन पावलं उतरला तर ते असं बोंबललं, की तो तसाच माघारी फिरला. मग माझ्यावर बोंबलला. भाषा कळली नाही, पण शिव्या कोणत्याही भाषेत कळतात.

 परत जाताना गाडीत विन्या म्हणाला, "बाबा... सरदारची घंटा तुम्ही त्याच्यासंगच पुरली होती ना?"

मले घंटा ऐकू आली, याचं एक अक्षर मी त्याले सांगितलं नव्हतं.

तो म्हणतो, गॅसनं भास होतात. होत असतील. पण दोन डोक्यांत एकच चिरलेली घंटा कशी वाजते? तिथं गुरं नाहीत, चरायले गवताची काडी नाही.  मले नाही माहीत. माहीत असतं तर सांगितलं असतं, मी काही पोटात ठेवणारा माणूस नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेच्या आधी उठलो. कणीक भिजवली अन पोळ्याले मातीचा करतात तसा एक बैल केला, सरदारसारखाच एका शिंगानं वाकडा. खिडकीत ठेवून कुंकू लावलं. घरी उरलेल्या भाकरीचा पहिला तुकडा त्याच्यापुढं ठेवला. मग विन्याले हाक मारली, अन ताट हातात घेऊन त्याले विचारलं, "सांग, कुठं बसू जेवाले?"