माशीचं बारसं

मराठी राज्यासाठीच्या हरताळात प्रयोगशाळा बंद पडली, तेव्हा मी अळ्यांच्या बरण्या परळहून ठाकूरद्वारला घरी आणल्या. मी प्राणिशास्त्रात संशोधन करत होते आणि लिंबावरच्या त्या अळ्यांची फुलपाखरं होईपर्यंत त्यांना जगवायचं होतं. संचारबंदी जराशी उठली की देवळामागच्या लिंबाची पानं तोडून आणायची. आई करवादायची, "माणसांना भाजी मिळेना, आणि हिच्या किड्यांना ताजा पाला!"

फुलपाखरं झालीच नाहीत. अळ्या मलूल पडल्या. त्यांच्या अंगातून बारीक किडे बाहेर आले, पांढरे कोश विणून बसले, आणि त्या कोशांतून तिळाएवढ्या काळ्या माश्या निघाल्या. गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातल्या, जिवंत अळीच्या पोटात अंडी घालणाऱ्या. प्रयोगशाळा उघडल्यावर माझ्या मार्गदर्शक सरांनी त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. "ही कुठे नोंदलेली दिसत नाही," ते हळूच म्हणाले.

मग मी पंखांच्या शिरा, मिशांची पेरं, पायांवरचे केस कागदावर रेखाटत बसले. डोळ्यांतून पाणी यायचं. भाऊ मोर्च्यातून घसा बसवून परतायचा. दोघंही थकून जेवायला बसायचो.

परदेशातल्या संग्रहालयाने आमचे नमुने पाहून जात नवी असल्याचं कळवलं, तेव्हा सर खुशीत म्हणाले, "तुझंच नाव देऊ या माशीला!"

नव्या जातीवर लेख लिहिणाऱ्याने स्वतःचं नाव तिला द्यायचं नाही, असा रिवाज. म्हणजे माशीला माझं नाव मिळालं, तर लेखावर फक्त सरांचं.

"सर, मला लेखावर राहू द्या. माशीला दुसरं काही शोधू."

सरांना वाईट वाटलं असावं. समजूत घालायचंही माझ्यात त्राण नव्हतं. शेवटी तेच म्हणाले, "बरं. मग मुंबईचं देऊ."

लेख छापून आला तेव्हा नुकतंच मराठी राज्य झालं होतं. भावाने पान डोळ्यांजवळ धरलं.

"हे काय, बॉम्बे? अगं, एवढं रान उठवलं आम्ही, आणि तू बॉम्बे लिहितेस?"

"जातीचं नाव लॅटिनमध्ये असतं, तिथे तसंच चालत आलंय रे."

"बदल ना मग."

"एकदा छापलं की नाही बदलता येत."

त्याने पुन्हा वाचलं, सरांच्या खाली माझं नाव पाहिलं आणि जरा नरमला. "चल, दादरला रोषणाई बघू."

"तू जा. माझे डोळे दुखतायत."

तो गेला. मी खिडकी लोटून घेतली आणि न जेवताच आडवी झाले.