गिरणीवाल्या मावशींची फेरी

मार्गशीर्ष अमावस्या, म्हणजे आमची येळवस. लातूर नवा जिल्हा झाला त्यानंतरचं, दुष्काळाचं साल. शेतात हजर: आमचे हे, सासूबाई, दोन लेकरं आणि मी. बांधापलीकडे, त्यांच्या शेतात: थोरले दीर, जाऊबाई. पाहुण्या: गिरणीवाल्या मावशी.

मावशी बोलायच्या आधी पिठानं पांढरं झालेलं बोट हवेत गोल फिरवायच्या. मग म्हणायच्या, "आल्या वाटेनं जायचं न्हाई."

येळवशीला आमच्याकडे गाव ओस पडतं. प्रत्येकजण आपल्या शेतात कडब्याच्या कोपीखाली पूजा मांडतो, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी आणि ताकातली आंबील करतो आणि वाटेनं जाईल त्याला जेवायला बोलावतो. मावशींना शेत नव्हतं. पण गावातल्या प्रत्येक घराचं दळण त्यांच्या हातातून जायचं, म्हणून बोलावणं सगळ्यांचं. त्या वेशीतून निघायच्या, ओढ्याकडून वळायच्या, शिवाराला वळसा घालून मारुतीच्या बोळातून गावात परत. प्रत्येक कोपीत एक घास, एक घोट.

"सरळ जाऊन सरळ का येत नाही?" मी एकदा विचारलं.

"माघारी फिरलं की तीच मान्सं पुन्यांदा बसा म्हणत्यात. प्वाट एकच हाय, बाई."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. विनोद करतात आणि खरं कारण पोटात ठेवतात.

त्या वर्षी ज्वारी उगवलीच नव्हती. कोपीला कडबा नाही, म्हणून मी जुनं लुगडं टाकलं. ताक नाही, म्हणून आंबील नुसत्या आंबवलेल्या पिठाची. मावशींनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं नाही. म्हणाल्या, "जिल्हा नवा झाला म्हणं. त्येला सांगा, पैला पाऊस मंजूर कर."

सगळे हसले. बांधापलीकडे जाऊबाईही हसल्या असाव्यात. पदर तोंडाला गेलेला मी पाहिला.

माझी दोन्ही बाळंतपणं जाऊबाईंनी केली होती. पण सामाईक विहीर तळाला गेली आणि पाणी उपसायची पाळी कुणाची यावरून भावाभावांत जुंपली. थोरल्या दिरांनी बांधावरची वाट बाभळीच्या काट्यानं बुजवली. त्या दिवसापासून आम्हा दोघींचं बोलणं बंद झालं. कुणी बंद करा म्हटलं नव्हतं. काट्यानंच तेवढं केलं.

मावशी उठल्या आणि नेहमीच्या वाटेनं काट्यापाशी जाऊन थांबल्या.

"मावशी, रस्त्यानं जा तिकडं," हे म्हणाले.

"रस्त्यानं एष्टी जाती. म्या न्हाई."

"मग माघारी फिरा."

मावशींनी बोट गोल फिरवलं आणि तिथेच बांधावर बसल्या. ऊन चढत होतं. सासूबाई पुटपुटल्या, "म्हातारी हट्टाला पेटली." पलीकडून दिरांनी हाक दिली, "मावशी, काय करून राहिल्या तिथं?"

"बसून राहिले. तुझी भज्जी निवून राहिली."

दीर पुन्हा कोपीखाली जाऊन बसले. जाऊबाई मात्र उठल्या. कोपीमागून दुबेळक्याची, टोकाला दोन फाटे असलेली काठी आणली, काट्याचा एक झाप ओढला. एक माणूस आडवं होऊन जाईल एवढीच छिंडी झाली. मावशी पलीकडे जाताना थबकल्या आणि माझ्याकडे हात पसरला. "आंबील दे गडूभर. वाटंत तहान लागंल." पलीकडची कोप पंधरा पावलांवरही नव्हती. मी गडू भरून दिला. तो जाऊबाईंनी प्यायला, उभ्या उभ्या.

पुढच्या येळवशीला मावशी उलट्या बाजूनं आल्या. "औंदा उलटी फेरी." ओच्यात जाऊबाईंचे बाजरीचे उंडे होते, माझ्यासाठी. मग असंच ठरून गेलं: एका वर्षी माझी आंबील तिकडं, एका वर्षी त्यांचे उंडे इकडं. काटा त्या दिवसापुरता सरायचा आणि संध्याकाळी पुन्हा जागेवर यायचा. आम्ही दोघी बोलायचो ते मावशींशी, एकमेकींना ऐकू जाईल असं.

नंतर गिरणी विकून मावशी लातूरला मुलाकडे गेल्या. दोन येळवशी तिथून एष्टीनं आल्या. यंदा पावसाळ्यात त्या वारल्या.

यंदाची येळवस. हजर: हे, मी. पलीकडे दीर, जाऊबाई. दोघांच्या शेतात आता आपापलं बोअर आहे. विहीर बुजवून टाकली. काटा तेवढा आहे.

गेल्या वर्षी माझी आंबील गेली होती. हिशोबानं यंदा फेरी तिकडून इकडं. दुपारी जाऊबाई झाकलेली ताटली घेऊन बांधावर आल्या आणि उभ्या राहिल्या. गुडघे धरलेत त्यांचे. काठी पेलवत नाही आता.

आमचीही एक दुबेळक्याची काठी कोपीला टेकवलेली आहे. सकाळची सगळी कामं उरकली: पूजा, नैवेद्य, गुरांना घास, भांडी. काटा ओढायचा राहिलाय.